जामिनाच्या अभिनंदनाचा फ्लेक्स

तुमचा फोटो आज कोणकोणत्या फ्लेक्सवर लागलेला आहे, हे तुम्हाला नक्की माहीत आहे का?

हसू नका. जवळजवळ हाच प्रश्न मी कोर्टात, शपथ घेऊन उभ्या असलेल्या एका माणसाला विचारला होता. त्याला उत्तर माहीत नव्हतं, आणि त्याच्या त्या माहीत नसण्यावर एका मुलीचं शिक्षण अडकलं होतं.

माझे वडील सांगलीजवळ माधवनगरला छोटा छापखाना चालवायचे. गिरणीवाल्यांची पत्रकं, पाण्याच्या मोर्चाची पत्रकं, हुंड्याविरुद्धची पत्रकं. मी अक्षरं शिकले ती त्यांच्या ओल्या प्रुफांवरून, त्यामुळं बरीच वर्षं मला वाटायचं की मराठीत प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असतंच. घरी कुणी भाजीत मीठ कमी आहे म्हणालं तरी मला ती मागणी वाटायची, आणि आई ती फेटाळून लावायची.

पत्रकाच्या तळाशी नावांची ओळ असायची. छपाईच्या आदल्या दिवशी एकेक जण मागच्या दारानं यायचा आणि वडिलांना म्हणायचा, मजकूर लय झ्याक झालाय, फक्त माजं नाव तेवढं काढा. वडील त्या नावाचे शिशाचे खिळे उचलायचे आणि रिकाम्या जागेत एक छोटं फूल बसवायचे. काही पत्रकं खालून बागेसारखी दिसायची. मी लहानपणीच ठरवलं होतं की आपण मोठं व्हायचं आणि या फुलांचा सूड घ्यायचा.

नंतर फ्लेक्स आला. पत्रकावर नाव नको म्हणणारी तीच माणसं फ्लेक्सवर नाव नसेल तर रुसू लागली. वाढदिवस, निवड, पुतण्याची भरती, नवा ट्रॅक्टर, कशाचाही फ्लेक्स. मधे उत्सवमूर्ती, मागे सिंह नाहीतर वाघ, आणि खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. प्रत्येकाला काळा गॉगल आणि निम्म्यांच्या कानाला मोबाईल. एवढी माणसं एकाच वेळी कुणाशी बोलत असतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

मी सरकारी वकील आहे. तालुक्याच्या कोर्टात मारामारी, विनयभंग, पाठलाग असले खटले सरकारच्या बाजूनं चालवते. पहिली नेमणूक साताऱ्याच्या डोंगरात, मेढ्याकडं होती. तिथला माझा पाठलागाचा पहिलाच खटला मी धुक्यामुळं हरले. तिन्ही साक्षीदार एकामागून एक पिंजऱ्यात आले आणि तिघांनीही सांगितलं की धुकं लय हुतं, काय दिसलं न्हाई. घटना मे महिन्यातली होती, दुपारची. मी हे तावातावानं मांडलं. आरोपीचे वकील शांतपणे उठून म्हणाले की बाई सांगलीकडच्या आहेत, त्यांना डोंगरातलं काय ठाऊक.

म्हणून कडेगावकडच्या एका कोर्टात बदली झाली तेव्हा मी खूश होते. सपाट मुलूख, चोहीकडं ऊस, धुक्याचं नाव नाही. इथल्या माणसांना दिसेल, असं मला वाटलं.

तिथं ही मुलगी आली. तिची माणसं मूळची पूर्वेच्या दुष्काळी पट्ट्यातली, पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखणारी. आता बापानं गावाबाहेर थोडी जमीन धरली होती, पण मेंढरं सोडली नव्हती. मुलगी विट्याला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि रोज सकाळच्या पहिल्या एसटीनं जायची. स्टॉपवर एक बागायतदाराचा मुलगा मोटरसायकल घेऊन उभा राहायचा. चार महिने तो नुसता मागं मागं येत होता. एसटीच्या मागं विट्यापर्यंत, कॉलेजच्या फाटकापर्यंत, परत येताना पुन्हा. नवीन नंबरांवरून फोन. मग एका सकाळी त्यानं एसटीच्या पायरीवर तिचा हात धरून तिला खाली ओढलं. तिनं दुसऱ्या हातातला डबा त्याच्या तोंडावर हाणला आणि सरळ पोलीस ठाण्यात गेली. फिर्यादीत डब्याचा उल्लेख आहे. डब्यात काय होतं तेही हवालदारानं लिहून घेतलंय: मेथीची भाजी.

तिच्या बापानं मला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. म्हणाला, निकाल आमच्या बाजूनं लागला तर पोरगी शिकंल. उलटा लागला तर गावात तोंड दाखवायची सोय न्हाई, मग तिला घरी बसवणार आन् तिच्या मामानं आणलेलं स्थळ हाय, तिथं देऊन टाकणार. मुलगी शेजारी उभी राहून हे ऐकत होती. तिनं मला एवढंच विचारलं की निकाल माझ्या परीक्षेच्या आधी लागंल का.

मी तिला लांबलचक भाषण दिलं. भाषण संपल्यावर ती म्हणाली, "म्हंजे म्हायत न्हाई."

एसटी निघून गेली होती, प्रवासी पांगले होते. हात धरताना बघणारा एकच माणूस सापडला, स्टॉपवरचा चहावाला. त्यानं पोलिसांना सगळं नीट सांगितलं होतं. अडचण एवढीच की त्याची टपरी जमिनीच्या ज्या तुकड्यावर होती, तो तुकडा आरोपीच्या घरचा होता.

आरोपीला जामीन झाला. अट घातली की स्टॉपकडं फिरकायचं नाही, मुलीशी आणि साक्षीदारांशी संबंध ठेवायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीचा फोन आला. स्टॉपवर, चहाच्या टपरीच्या बरोबर वर, मोठा फ्लेक्स लागला होता. मधे आरोपी, हात जोडलेला. मागे सिंह. वर अक्षरं: संघर्षाचा विजय, जामीन मंजूर झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. खाली शुभेच्छुकांच्या दोन ओळी.

आमच्याकडं जामीन हा निकाल मानतात, हे मला माहीत होतं. हलगी लावून मिरवणूक काढलेली मी बघितली आहे. पण अटीतल्या जागेवरच अभिनंदन लावायचं, हे नवीन होतं. माणूस अट पाळत होता. त्याचा फोटो पाळत नव्हता. मुलीला रोज त्या फोटोखाली उभं राहून एसटीची वाट बघायची होती.

मी तिला म्हणाले, फोटो काढून पाठव. तिनं पाठवला. एसटी आली म्हणून घाईत काढलेला. त्यात सिंहाचं नाक स्पष्ट आलं होतं, बाकी सगळं धूसर. मी पोलीस ठाण्याला कळवलं. आमचे कोर्टाचे हवालदार म्हणाले, उद्या जाऊन पंचनामा करतो. मी तिला सांगितलं, उद्या पंचनामा होईल.

दुसऱ्या दिवशी हवालदार गेले आणि हात हलवत परत आले. फ्लेक्स नव्हता. बांबू होते, दोऱ्या होत्या, फ्लेक्स नव्हता. चहावाल्यानं विचारलं, कसला फ्लेक्स? वडापच्या जीपवाल्यानं विचारलं, कसला फ्लेक्स? सरपंचांनी तर हवालदारांनाच चहा पाजला आणि विचारलं की अलीकडं झोप नीट लागत्या का. मी जामीन रद्द करण्याचा अर्ज केला, जोडीला सिंहाच्या नाकाचा फोटो लावला. न्यायाधीशसाहेबांनी तो बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "मॅडम, यात आरोपी कोणता?" मी अर्जात चिडून बरंच काही लिहिलं होतं. साहेबांनी ते वाचून सांगितलं की ही सभा नाही. अर्ज मात्र त्यांनी पुढच्या तारखेपर्यंत ठेवून घेतला.

त्या तारखेला मुलीचा बाप कोर्टाच्या पायरीवर बसला होता. मी बाहेर आले तसा उठला आणि हळूच म्हणाला, "आवं मॅडम, त्यो सिंहाचा कपडा तुमाला पायजेल हुता न्हवं? माझ्याकडं हाय की."

मी विचारलं, कुठं आहे.

"मेंढरांच्या वाड्यावर घातलाय. सावली चांगली पडत्या."

मुलगी मागं उभी होती. तिनं मान खाली घातली, पण हसू तिला आवरत नव्हतं. तिनंच तो काढला होता. मी तिला उद्या पंचनामा होईल म्हणाले होते, आणि उद्या हा शब्द तिनं चार महिने गावाकडून, बापाकडून आणि मग पोलिसांकडूनही ऐकला होता. म्हणून पहाटे विळा घेऊन गेली, दोऱ्या कापल्या, फ्लेक्सची वळकटी बापाच्या सायकलवर टाकली, घरी ठेवून आली आणि परत येऊन पहिली एसटी पकडली. मला सांगितलं नाही, कारण ही चोरी झाली असेल अशी तिला भीती वाटत होती. मलाही वाटली. मी हवालदारांकडं बघितलं. ते म्हणाले, "चोरीची फिर्याद द्यायला कुनीतरी आलं पायजे की, मॅडम. आन् आला तर मी दारातच बसलोय."

कुणी आलं नाही. फिर्याद द्यायची म्हणजे फ्लेक्स आपला होता, असं आधी सांगावं लागलं असतं.

पंचनामा मेंढरांच्या वाड्यात झाला. गावातलं कुणी पंच व्हायला तयार नव्हतं, म्हणून ग्रामसेवक आणि कोतवाल या दोन सरकारी माणसांना बोलावलं. मी तिथं नव्हते, पण कागद आणि सोबतचे फोटो माझ्याकडं आले. हवालदारांनी मन लावून लिहिलं होतं: सदर फ्लेक्सची लांबी पंधरा फूट, रुंदी दहा फूट, डाव्या बाजूस लेंड्यांचे डाग, वरील उजवा कोपरा शेळीने खाल्लेला, सिंहाचा एक कान नाही. आरोपीचा चेहरा सुस्थितीत. त्या कागदाची घडी घालताना मला वडिलांची आठवण झाली. शुभेच्छुकांच्या दोन्ही ओळींत एकाही जागी फूल नव्हतं. सगळे हजर, सगळे गॉगल लावून.

कापड हातात आलं तरी साहेबांनी जामीन रद्द केला नाही. फ्लेक्स आरोपीनंच लावला, हे कुठं सिद्ध होतंय, असा त्यांचा प्रश्न होता, आणि प्रश्न बरोबर होता. पण साक्षी लगेच घेऊ म्हणाले. मुलीची परीक्षा दोन महिन्यांवर होती.

साक्षीच्या दिवशी मुलगी आधी. तिनं सगळं सरळ सांगितलं, कुठं रडली नाही, कुठं आवाज चढवला नाही. मी तिच्या जागी असते तर दोन्ही केलं असतं. आरोपीचे वकील वयानं मोठे, बोलायला गोड, आणि उलटतपासात साखरेत घोळून सुरी चालवणारे. त्यांनी तिला मोटरसायकलचा रंग विचारला, डब्याची भाजी विचारली, मग चष्मा पुसत म्हणाले, बाळ, तू तो फ्लेक्स चोरून नेलास, हे खरं आहे ना?

ती म्हणाली, "कुणाचा हुता ते सांगा, मी परत देते."

साहेबांची लेखणी थांबली. त्यांनी वकिलांकडं बघितलं. वकिलांनी आरोपीकडं बघितलं. आरोपीनं पंख्याकडं बघितलं. मग वकील म्हणाले की त्यांना आणखी काही विचारायचं नाही.

नंतर चहावाला. अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि पिंजऱ्यात चढायच्या आधीच कपाळावर घाम. मला तेव्हाच कळलं. त्यानं नाव सांगितलं, धंदा सांगितला, आणि पुढचं सगळं पाठ केल्यासारखं बोलला. त्या दिवशी त्यानं काही बघितलं नाही. पोलिसांनी काय लिहिलं ते त्याला माहीत नाही. आरोपीला तो ओळखत नाही. स्टॉपवर लय माणसं येत्यात.

मेढ्याचं धुकं उन्हाळ्यात, उसाच्या मुलखात, माझ्या समोर उतरलं होतं. बाकावर बसलेल्या बापानं मुलीकडं बघितलं नाही. तो टोपी काढून गुडघ्यावर घडी घालत बसला. त्याच्या मनात मामाचं स्थळ आलं असणार. मुलगी मात्र माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या बघण्यात मागणी नव्हती, एक साधा प्रश्न होता: आता?

साक्षीदार फितूर झाला म्हणून मी त्याचा उलटतपास घ्यायची परवानगी मागितली आणि मुद्देमाल उघडायची विनंती केली. शिपाई आणि हवालदार यांनी मिळून फ्लेक्स उलगडला. कोर्टाचं दालन त्याला पुरेना. कान नसलेल्या सिंहाचं डोकं माझ्या टेबलावर आलं, आरोपीचे जोडलेले हात त्याच्याच वकिलांच्या बुटांवर, आणि शुभेच्छुकांच्या ओळी बरोबर पिंजऱ्याखाली. सगळीकडं मेंढरांचा वास सुटला. साहेबांनी रुमाल नाकाला लावला, पण डोळे फ्लेक्सवरून काढले नाहीत.

हे मी आधीच बघून ठेवलं होतं. खालच्या ओळीत, अगदी शेवटी, कोपऱ्याला चिकटून, गॉगल लावलेला आणि मोबाईल कानाला लावलेला चहावाला होता.

मी विचारलं, तुमचे फोटो कुठं कुठं लागतात, हे तुम्हाला माहीत असतं का? तो गोंधळला. मी म्हणाले, खालच्या ओळीतला शेवटचा फोटो बघा आणि कोणाचा आहे ते कोर्टाला सांगा.

तो वाकला. बराच वेळ वाकून राहिला. मला वाटलं, आता म्हणेल की फोटो माझ्यासारखा दिसतोय पण माझा नाही. माझी पुढची तीन वाक्यं तयार होती, उद्गारचिन्हांसकट. पण त्यानं फ्लेक्स आज पहिल्यांदा नीट बघितला होता. तो टपरीत बसला तेव्हा त्याच्या वाट्याला फ्लेक्सची पांढरी मागची बाजू आली होती. येता-जाता त्यानं सिंह बघितला असेल. खालची माणसं कोण बघतंय. एक दिवस लागला आणि दुसऱ्या पहाटे नाहीसा झाला.

तो सरळ उभा राहिला आणि माझ्याकडं नाही, साहेबांकडं नाही, थेट आरोपीकडं वळला.

"आरं, शेवटाला घातलास व्हय रं मला? माझ्याच टपरीवर बांबू टेकवून लावलास, मी दोरी धरली, आन् मलाच शेवटाला?"

बाहेर रसवंतीच्या घुंगरांचा आवाज येत होता, तेवढाच.

आरोपीचे वकील हरकत घ्यायला उठले. साहेब म्हणाले, साक्षीदारानं आरोपीशी बोलू नये. मग लघुलेखकाकडं वळून त्यांनी ते वाक्य शब्द न् शब्द सांगितलं, 'व्हय रं' सुद्धा. मी काही बोलले नाही. माझ्या आयुष्यातला हा एकमेव प्रसंग.

मग चहावाल्यानं रुमालानं तोंड पुसलं आणि जे पोलिसांना सांगितलं होतं, ते पुन्हा सांगितलं. आरोपी रोज सकाळी त्याच्याकडं चहा प्यायचा. एसटी येईपर्यंत थांबायचा, स्वतः कधी चढायचा नाही. त्या दिवशी त्यानं पोरीचा हात धरून ओढलं. "म्या बघितलं. डबा हाणलेला बी बघितला. बरा हाणला." वकिलांनी त्याला दीड तास घोळसलं. अपमानामुळं खोटं बोलतोयस का, असं विचारलं. तो म्हणाला, "खोटं सकाळच्यान् बोलत हुतो, सायेब. अपमानानं खरं आलं."

मी युक्तिवाद लिहून आणला होता. त्यात सात मुद्दे होते, आणि सातवा मुद्दा सगळ्या समाजाला उद्देशून होता. साहेबांनी चौथ्यावर मला थांबवलं आणि म्हणाले, फ्लेक्स पुरेसा बोललाय. निकाल परीक्षेच्या नऊ दिवस आधी लागला. शिक्षा झाली. वर सांगलीला अपील आहे, ते चालू राहील. तिथला वकील दुसरा आहे आणि सिंह आता त्याच्याकडं जाईल.

निकालाच्या दिवशी बाप माझ्यापाशी आला. मला वाटलं, आभार मानेल, आणि मी त्यासाठी नम्र चेहराही केला. त्यानं विचारलं की कपडा परत कवा मिळंल, मेंढरांना ऊन लागतंय. मी सांगितलं, अपील संपल्याशिवाय नाही. तो नाराज झाला. मग मुलीकडं बघून म्हणाला, "जा, तुजी यष्टी चुकंल." मामाच्या स्थळाचं नाव नंतर कुणी काढलं नाही. ती आता सांगलीला एका दवाखान्यात काम करते. मेथीची भाजी आवडत नाही, असं तिनं मला परवा सांगितलं. त्या दिवशी हाणायला तिला सोपं गेलं.

चहावाल्याची टपरी महिन्याभरात तिथून उठली. तो रस्त्याच्या पलीकडं चिंचेखाली बसतो, तिथं एसटी थांबत नाही. मी त्याच्यावर कोर्टात मनातल्या मनात हसले होते. पण त्या पिंजऱ्यात त्याच्याकडं गमावण्यासारखं माझ्यापेक्षा बरंच जास्त होतं, आणि शेवटच्या जागेचा राग आला म्हणून का होईना, ते त्यानं गमावलं. छापखान्याच्या मागच्या दारानं आलेल्या माणसांना मी आयुष्यभर भित्रे म्हणत आले. त्यांच्या टपऱ्या कुणाच्या जमिनीवर होत्या, हे मी कधी विचारलं नव्हतं.

मी तिकडं गेले की त्याच्याकडं चहा पिते. तो मला सांगतो की फोटो त्याला न विचारता लावला होता. पुतणीच्या लग्नातला होता, कुणीतरी मोबाईलवर पाठवला असणार. "मॅडम, आपण लग्नात हसून फोटू काढतो आन् त्यो कुणाच्या जामिनावर जाऊन हसतोय, आपल्याला काय कळतंय?"

म्हणून तुम्हाला एक काम सांगते, आणि ते आजच करा. घराबाहेर पडाल तेव्हा नाक्यावरच्या फ्लेक्सखाली थांबा. सिंह बघू नका, खालची ओळ बघा, शेवटपर्यंत. तिथं तुमचा चेहरा सापडला, तर वर कुणाचं आणि कशाचं अभिनंदन चाललंय ते नीट वाचा. ते तुम्हाला पटत नसेल तर ज्यानं लावला त्याला तिथूनच फोन करा आणि म्हणा, माझा फोटो काढ. कारण त्याच फ्लेक्सखाली सकाळच्या एसटीची वाट बघत कुणीतरी मुलगी उभी असेल, आणि ती तुमचाही चेहरा रोज बघत असेल.